बोलपटाच्या दारात बालगंधर्व : एका वळणाचा प्रकरण अभ्यास

१९३५ साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत सत्तेचाळीस वर्षांचा एक नट कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. तीस वर्षं महाराष्ट्रानं त्यांना शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, द्रौपदी, सिंधू म्हणून पाहिलं होतं. इथे ते संत एकनाथ होते. दिग्दर्शक व्ही. शांताराम, चित्रपट 'धर्मात्मा'. प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी या एका चित्रपटावरच संपली. १९३७ मध्ये त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, 'साध्वी मीराबाई'मध्ये मीरा होऊन. तोही चालला नाही. मग ते रंगभूमीवर परतले.

याचं जे कारण आपण ऐकत आलो आहोत ते एका वाक्याचं आहे : बोलपट आला आणि संगीत नाटक बुडालं, त्यात बालगंधर्वही गेले. नाट्यसंगीताच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी हे वाक्य उसासा टाकून म्हणतं. मला ते पटत नाही. ते खोटं नाही, पण बालगंधर्वांसारख्या कलावंताबद्दल बोलायला फार तोकडं आहे. त्याच काळात, त्याच नाटक मंडळीतून, त्याच स्टुडिओत गेलेली दुसरी माणसं तरली. मग हेच का नाही, हा खरा प्रश्न.

आधीची तीस वर्षं

जन्म २६ जून १८८८. दहा वर्षांच्या या मुलाचं गाणं पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि 'बालगंधर्व' म्हटलं. ते नाव जन्मभर चिकटलं. मुलाला ऐकू कमी येत होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कानाच्या उपचारासाठी त्याला मिरजेला पाठवलं आणि तिथेच १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीची दारं उघडली. भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून मंडळीला नायिका हवी होती, ती 'शाकुंतल'मध्ये मिळाली.

१२ मार्च १९११ या तारखेपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. मुंबईत नाटककार खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करता आला असता, लोकांनी समजूनही घेतलं असतं. पण ते भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट एरवी निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी एक दिसतं. 'मायबाप प्रेक्षक' हे शब्द त्यांच्या तोंडी शिष्टाचारापुरते नव्हते. थिएटरात बसलेल्या माणसांशी त्यांचं नातं घरच्या नात्याइतकं, कधी त्याहून जवळचं होतं. पुढचं सगळं समजून घ्यायला हे ध्यानात ठेवावं लागतं.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणेशराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ चं 'स्वयंवर', त्याला भास्करबुवा बखल्यांच्या चाली. मग 'एकच प्याला', मग 'द्रौपदी'. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी गायक नट केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान' झालं आणि तीन महिन्यांत केशवराव गेले. मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष असत. भरजरी शालू, खरे दागिने, अत्तराचा घमघमाट, मुक्कामावरच्या पंक्ती. बायका त्यांचं पाहून साडी नेसायला आणि अंबाड्यावर गजरा माळायला शिकल्या, असं आमच्या आजीच्या पिढीच्या बायका सांगत.

याच वैभवाच्या मागे कर्ज होतं. १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात रुतली. ते फेडायला बालगंधर्वांनी वर्षानुवर्षं खेळ केले, पण खर्चाचा हात काही आखडला नाही. व्यवहार हा त्यांचा प्रांत नव्हता. ते सगळ्यांना 'देवा' म्हणत, सावकारालाही.

प्रभातशी जुळलं कसं

१९३१ मध्ये बोलपट आला. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे दिसल्या आणि हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीचेच एक संस्थापक. रंगभूमीही जागच्या जागी राहिली नव्हती. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं : आटोपशीर वेळ, घरातल्यासारखं नेपथ्य, मोजकी पदं आणि स्त्रीच्या भूमिकेत स्त्री. म्हणजे रात्रभराच्या संगीत नाटकाला पडद्यानं ओढून नेलं तेवढंच नाही, रंगमंचही त्याच्या पायाखालून सरकत होता. दीनानाथ मंगेशकरांसारखे तालेवार गायक नट बलवंत पिक्चर्स काढून सिनेमात उतरले आणि १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्ध'नंतर खोल गाळात गेले.

अशा वेळी बालगंधर्वांनी मंडळी थांबवून प्रभातशी हात मिळवले. यात एक हृद्य योग आहे. शांताराम पोरवयात काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते. ज्यांचे प्रयोग त्यांनी विंगेतून पाहिले असतील, त्यांनाच आता ते 'इकडून चाला, तिथे थांबा' असं सांगणार होते. आदराची उणीव तिथे असण्याचं कारण नव्हतं. पैसा, यंत्रं, तंत्रज्ञ यांत प्रभातच्या तोडीचं महाराष्ट्रात दुसरं कुणी नव्हतं. संगीत मास्टर कृष्णरावांकडे, तेही गंधर्व मंडळीतलेच. म्हणजे माणसं अनोळखी म्हणून जमलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

विषयही हलका नव्हता. अस्पृश्याच्या घरी जाऊन जेवणारे एकनाथ गांधींच्या अस्पृश्यता निवारणाच्या त्या दिवसांत फारच जवळचे वाटणारे. इतके, की चित्रपटाचं मूळ नाव 'महात्मा' होतं. सेन्सॉरनं हरकत घेतली, कात्री चालवली आणि नाव 'धर्मात्मा' झालं. ही ओढाताण चित्रपटाच्या वाट्याला आली हे खरं. पण लोक बालगंधर्वांना पाहायला आले होते आणि त्यांना हवे ते बालगंधर्व पडद्यावर भेटले नाहीत, याचा दोष सेन्सॉरवर टाकता येत नाही.

कारणं तपासून पाहताना

पहिलं कारण नेहमी वेळेचं सांगितलं जातं. नाटकात एक पद अर्धा अर्धा तास चालायचं, वन्समोअर पडायचे, दुसऱ्यांदा तेच पद वेगळ्या वाटेनं जायचं. सिनेमानं ते दोन-तीन मिनिटांत कोंबलं. दुसरं कारण समोर प्रेक्षक नसण्याचं. दोन्ही कारणं तर्काला धरून आहेत, पण त्यांच्याविरुद्ध एक ठणठणीत पुरावा आहे : त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या.

तबकडीवर वेळ तीन मिनिटांच्या आसपास. समोर प्रेक्षक नाही, मखमली पडदा नाही, वन्समोअर नाही, नुसता कर्णा. तरी 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' ऐका. ऑर्गनचा सूर भरतो, सारंगी त्याला बिलगते आणि पहिल्याच 'नाथ' या शब्दावर रुक्मिणी उभी राहते. 'ना' किंचित लांबतो, 'थ' अलगद खाली ठेवला जातो. ज्याच्याबद्दल ती बोलते आहे तो शेजारच्याच दालनात असावा, आपण फार मोठ्यानं बोललो तर ऐकेल, अशी लाज त्या सुरात आहे. मग तान येते आणि ती लाज ओलांडून आनंद बाहेर पडतो. तान संपते तेव्हा शब्द जिथल्या तिथे, स्वच्छ. एकाही अक्षराचा चुरा झालेला नाही. मी हे पद किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही, पण 'नाथ' शब्दापाशी अजून हात थांबतो. तीन मिनिटांत, रिकाम्या खोलीत, त्यांनी हे केलं आहे. मग कमी वेळ आणि प्रेक्षकाचा अभाव एवढ्यानं 'धर्मात्मा'चं कोडं सुटत नाही.

तिसरं कारण पुरुष भूमिकेचं. लोकांना साडीतले बालगंधर्व हवे होते, त्यांना धोतरातले दिले. यात बरंच तथ्य असणार. पण हे कारण पुरेसं असतं तर 'साध्वी मीराबाई' चालायला हवा होता. मीरेवरचं वसंत शांताराम देसाई यांचं 'अमृतसिद्धी' नाटक मंडळीनं केलं होतं, ती मीरा लोकांच्या ओळखीची होती. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, संगीत नाटकांचे पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेले कोल्हापूरचे थोर कलावंत. साडी होती, पदं होती, भक्ती होती. तरी नाही. म्हणजे पुरुष भूमिका काढून घेतली तरी दुखणं राहिलंच.

चौथं कारण वयाचं. पण पन्नाशी उलटल्यावरही रंगमंचावर ते स्त्री भूमिका करत राहिले आणि लोक येत राहिले. त्यामुळे नुसतं वय म्हणूनही भागत नाही.

आता तुलनेसाठी एक माणूस शेजारी उभा करतो. विष्णुपंत पागनीस. तेही एके काळचे स्त्रीपार्टी नट, तेही गायक. १९३६ मध्ये, म्हणजे 'धर्मात्मा'च्या दुसऱ्याच वर्षी, त्याच प्रभातनं, दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनात 'संत तुकाराम' काढला आणि पागनीस तुकाराम झाले. चित्रपट मुंबईत वर्षाहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पागनिसांना लोक खऱ्या आयुष्यातही तुकाराम मानू लागले. तोच स्टुडिओ, तीच संतपटाची जात, स्त्री भूमिकांतून आलेला गायक नट. निकाल मात्र दुसरं टोक.

फरक कुठे? पागनीस स्त्री भूमिका मागे टाकून कधीचे बाहेर पडले होते, मुंबईत गाणं शिकवत होते, भजनं गात होते. तुकाराम होताना त्यांच्या अंगावर प्रेक्षकांच्या आठवणींचं ओझं नव्हतं. शिवाय त्यांचं गाणं अभंगाचं. ओव्या म्हणावं तसं, कामाच्या ओघात, माळावर चालता चालता. त्या गाण्याला थांबून दाद घ्यायची नसते. कॅमेऱ्याला असं गाणं फार सोसतं, कारण ते वागण्यातच मिसळून जातं. बालगंधर्वांचं पद मात्र नाटक थांबवून उभं राहतं. कथा क्षणभर बाजूला सरते, पात्र प्रेक्षकांकडे वळतं आणि त्या वळण्यातच सगळा जीव असतो.

आणि टेंबे? ते पुरुष भूमिकांतूनच आले, पेटीवादक आणि संगीतकार म्हणून त्यांना दुसरा पायही होता. मास्टर कृष्णराव तर प्रभातला फळलेच. 'माणूस', 'शेजारी' यांचं संगीत त्यांचं. म्हणजे गंधर्व मंडळीची गाणी घडवणारी विद्या बोलपटात गेली आणि रुजली. बालगंधर्व नावाचा माणूसच तेवढा बाहेर राहिला.

मला जे कळलं ते

त्यांचं स्त्रीरूप हे एकट्या त्यांनी केलेलं काम नव्हतं, असं मला वाटतं. त्यात प्रेक्षकाचा अर्धा वाटा होता. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यातलं अंतर, दिव्यांचा रंग, अत्तर, ऑर्गनचा घुमारा, हे सगळं मिळून प्रेक्षक स्वतःच रुक्मिणी पुरी करायचा. समोर पुरुष आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही विसरायचं, हा दोघांनी मिळून खेळलेला खेळ होता. आजही कीर्तनात बुवा एका वाक्यात राजा आणि दुसऱ्यात राणी होतात तेव्हा आपण तेच करतो, कुणी हरकत घेत नाही.

कॅमेऱ्यानं हे अंतर काढून घेतलं. गालाची ठेवण, मानेवरची वळी, पापणीची हालचाल, सगळं हाताच्या अंतरावर आलं आणि प्रेक्षकाला भर घालायला जागाच उरली नाही. तबकडीवर उलट झालं : शरीरच नाही, नुसता आवाज, म्हणजे रुक्मिणी पुरी करायला सगळी मोकळीक. म्हणून तबकडीत ते जिंकले आणि रंगमंचावर जिंकले. शरीर अगदी जवळ आहे आणि प्रेक्षकाचा वाटा मात्र संपलेला, ही स्थिती फक्त पडद्यावर होती आणि नेमकी तिथेच ती जादू सुटली. पुरुष भूमिकेत स्त्रीरूप नव्हतं, पण प्रेक्षक ते शोधतच बसला होता. एकनाथाच्या चेहऱ्यात त्याला सिंधू हवी होती. ती मीरेत सापडेल म्हणून गेला तर मीरा फार जवळ आलेली.

चित्रीकरणाची रीतही आड आली असणार. त्या काळी पार्श्वगायन रुळलं नव्हतं. गाणं कॅमेऱ्यासमोरच गायचं, वादक चौकटीबाहेर बसायचे, आवाज तिथल्या तिथे टिपला जायचा. दृश्यं तुकड्यांत, क्रम सोडून. ज्या नटाची नायिका नांदीपासून हळूहळू चढत शेवटच्या अंकात पोचायची, त्याला सकाळी अखेरचा प्रसंग आणि दुपारी पहिला, असं काम करायचं. तबकडीत निदान एक पद सलग होतं.

एक गोष्ट इथे ठामपणे म्हणतो. 'त्यांना काळाची पावलं कळली नाहीत' हा शेरा अन्यायाचा आहे. कळली म्हणून तर सत्तेचाळिसाव्या वर्षी, तीस वर्षांची स्त्रीवेशाची प्रतिमा बाजूला ठेवून ते नवख्या माध्यमात, पुरुष भूमिकेत उभे राहिले. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर जुन्या नाटकांचे तुकडेच पडद्यावर आणू द्या म्हणाला असता. त्यांनी पहिल्यांदा अवघड वाट घेतली, सोपी नंतर.

परतल्यावर

'मीराबाई'नंतर मंडळी पुन्हा उभी करायचे प्रयत्न झाले. १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी आल्या. बालगंधर्वांच्या गाण्यावर जीव टाकणारी, ती गायकी गळ्यात मुरवलेली ही बाई नायिकेच्या भूमिका करू लागली. पुढे जे जे बिघडलं त्याचं खापर लोकांनी तिच्यावर फोडलं. मला हेही पटत नाही. नायिकेच्या जागी स्त्री आणणं हा १९३३ नंतरच्या रंगभूमीचा सरळ रस्ता होता आणि बालगंधर्व तो उशिरा का होईना चालू पाहत होते. प्रेक्षकांना मात्र पडद्यावर जे नको झालं तेच इथेही नको होतं : त्यांचे बालगंधर्व साडीबाहेर. पुढे त्यांचे पाय गेले. बसून गाणं, कुणाच्या आधारानं चालणं, तरी मैफली आणि प्रयोगांची बोलावणी घेणं, अशी ती वर्षं. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. त्याच साली गोहरबाई गेल्या.

८ ऑक्टोबर १९६२ ला पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या कडेला, मुठेकाठी एका नव्या नाट्यगृहाचं भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झालं. नाट्यगृहाला नाव त्यांचंच. उभं राहिलेलं पाहायला ते नव्हते. १५ जुलै १९६७ ला गेले. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या वाढदिवशी.